एलेफेल्टबाईंचं लख्ख घर

रुलोफीन एलेफेल्ट ही बाई मला पहिल्यापासून डोक्यात जायची. गावात तिच्या नवऱ्याची, बेरेंडची, बेकरी होती. तो बिचारा मागे भट्टीपाशी घामाघूम, आणि ही पुढे काउंटरवर. पांढराशुभ्र एप्रन, केस करकचून बांधलेले, आणि नजर अशी की पाव विकत घ्यायला आलेल्या माणसाला आपण भीक मागायला आलोय असं वाटावं. मी डुकरं पाळायची. मी दुकानात शिरले की ती नाकाला रुमाल लावायची नाही, तेवढी सभ्यता होती तिच्यात. पण मी बाहेर पडले की दाराला वीट लावून दार उघडं ठेवायची. "जरा हवा येऊ दे," म्हणायची. आमच्या गारठलेल्या ड्रेंथ प्रांतात जानेवारीत हवा कुणाला हवी असते हो?

त्यात आमची घरं शेजारी शेजारी, मागची दारं समोरासमोर. सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन हिचं, गुडघ्यावर बसून पायरी घासताना. पायरी! जिच्यावर माझ्याशिवाय कुणी पाय ठेवत नव्हतं, आणि माझाही पाय बूट काढल्याशिवाय पडू द्यायची नाही.

एकदा नगराध्यक्षांची बायको दुकानात आली आणि ताजा आहे का बघायला पावात अंगठा खुपसला. रुलोफीनने तोच पाव उचलला, कागदात गुंडाळला आणि तिच्या टोपलीत ठेवला. "ज्याला बोट लावलंत तो तुमचा." नगराध्यक्षांची बायको आयुष्यात पुन्हा कशात अंगठा खुपसायला धजावली नसेल. त्या दिवशी मात्र मला ही बाई थोडी आवडली, खोटं कशाला बोलू.

आणि अजून एकदा. माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात रोज सकाळी माझ्या दाराच्या कडीला पावाची पिशवी लटकलेली असायची. आभार मानायला गेले तर म्हणते, "शिळा होता. नाहीतरी तुझ्या डुकरांच्याच पोटात गेला असता." पाव हाताला गरम लागत होता. एवढं केलं आणि तेही कबूल करायचं नाही, असला तिचा खाक्या. बेरेंडला झटका आला, तर पुढची कितीतरी वर्षं ही एकटी भट्टी चालवत होती. हात कोपरापर्यंत भाजलेले. कसं काय चाललंय विचारलं की एकच उत्तर: "वाईट नाही."

आमच्याकडे हा रोगच आहे. घर जळत असलं तरी आम्ही म्हणणार, वाईट नाही, ऊब आहे.

ऐंशीच्या पुढे रुलोफीनचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधलं गेलं. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं. त्यामुळे ती बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघायला लागली. गावाला वाटलं, माज वाढला म्हातारीचा, आता तोंडाकडेही बघत नाही. तिलाही ते बरंच पडलं. माजोरडी म्हटलेलं चालेल, आंधळी म्हटलेलं नाही.

त्यालाही कारण होतं. तिची थोरली बहीण आल्बर्टीन. तिने आपल्या पोरांना सांगितलं, मला दिसेनासं झालंय. पोरांनी गळ्यात गळे घातले, रडली, आणि पुढच्या ऋतूत तिला एमेनच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवली. घर विकलं. रुलोफीन भेटून आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "खिडकीशी बसवलीय म्हणे तिला. छान उजेडाची खिडकी म्हणे! आंधळीला खिडकी!" त्या दिवसापासून तिने ठरवलं. मरेन ते माझ्या घरात, आणि कुणाला कळू न देता.

हे जमलं कसं? मिनेकेमुळे. मिनेके ही घरकामाला येणारी मदतनीस, सरकारी आरोग्यसेवेतून मिळालेली, वर्षानुवर्षं तीच. तिने बाईंना कधी विचारलं नाही, बाईंनी कधी सांगितलं नाही. पण त्या घरात प्रत्येक वस्तूला जागा ठरली. कपाचा कान उजवीकडे. कॉफीचा डबा बेसिनच्या डावीकडे, अगदी भिंतीला चिकटून. खुर्च्या टेबलाखाली सरकवलेल्या. मोरी साफ करायचं जहरी औषध स्वयंपाकघरात आणायचंच नाही. रुलोफीन त्या घरात अशी फिरायची की पाहणाऱ्याला वाटावं, हिची नजर घारीची आहे. मिनेके लादी पुसता पुसता बाईंचे पाय बघायची, सुजले असले तर डॉक्टरला फोन करायची, फ्रिजमधलं नासलेलं गुपचूप फेकायची. पगार मात्र लादी पुसण्याचा.

मला कळलं ते माझं मलाच. एकदा मी तिच्यासमोर रिकामी बशी धरून "केक घे" म्हटलं, तर तिने सभ्यपणे "नको, पोट भरलंय" म्हटलं. मीही काही बोलले नाही. तर असं तीन बायकांचं मौन होतं, आणि छान चाललं होतं.

मग हेगमधल्या सरकारी शहाण्यांना सुधारणा सुचली. दोन हजार पंधराच्या सुमाराची गोष्ट. चालू गाडीचं चाक काढायचं आणि त्याला सुधारणा म्हणायचं, ही त्यांची जुनी खोड. घरच्या मदतीचं काम आता देशाचं नाही, नगरपालिकेचं. का? तर नगरपालिका माणसांच्या जवळ असते. पैसे मात्र जवळ आले नाहीत, ते वाटेतच कुठेतरी उतरले. आणि सगळ्यांना नवीन शब्द शिकवले. म्हाताऱ्यांना "ग्राहक" म्हणायचं. मदत कमी केली की "स्वतःची ताकद वाढवली" म्हणायचं. आणि मदत द्यायची की नाही ते ठरवायला एक माणूस घरी येणार, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसणार आणि गप्पा मारणार. खरंच, नावच तसं होतं: स्वयंपाकघरातल्या टेबलावरची चर्चा.

"ग्राहक?" रुलोफीन म्हणाली. "जन्मभर मी ग्राहक बघितलेत. ग्राहकाला पाव आवडला नाही तर तो दुसऱ्या दुकानात जातो. मी कुठे जाऊ?"

मी म्हटलं, "तू कुठे जाऊ नकोस, फक्त त्याला खरं सांग. दिसत नाही म्हण. मिनेके राहील."

"कुणाला दिसत नाही?" ती माझ्या कानाकडे बघून म्हणाली.

झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

आता खरी गंमत ऐका. मदतीची गरज आहे की नाही हे बघायला माणूस येणार, तर शहाण्या बाईने काय करावं? घर दोन दिवस तसंच पडू द्यावं. सिंकमध्ये भांडी ठेवावीत. आणि आमच्या ड्रेंथच्या बायका काय करतात? घर घासतात! परका माणूस येणार म्हणजे घर लख्ख हवं. गावोगाव हेच झालं. कंबर मोडलेल्या, श्वास लागलेल्या म्हाताऱ्यांनी रांगत रांगत लाद्या पुसल्या, केस सेट करून घेतले, मोत्यांच्या कुड्या घातल्या, आणि येणाऱ्याला सांगितलं, आमचं अगदी छान चाललंय. असला मूर्खपणा जगात दुसरीकडे कुठे होत असेल तर मला दाखवा, मी तिथे राहायला जाते.

रुलोफीनने मिनेकेकडून आधल्या दिवशी पडद्यांच्या कड्यासुद्धा धुवून घेतल्या. चाकाचा वॉकर शेडमध्ये लपवला. पांढऱ्या कापडावर निळे फुल्यांचे टाके घातलेला तिच्या आईच्या हातचा टेबलक्लॉथ काढला. तो म्हणजे तिचा जीव की प्राण.

मी सकाळीच गेले आणि ती आत कपडे बदलत होती तेवढ्यात टेबलाखाली मूठभर पावाचा चुरा टाकला. एक खरकटं पातेलं घरून नेलं होतं, ते ओट्यावर ठेवलं. ती बाहेर आली, दोन पावलं चालली आणि थांबली. मोज्यातल्या अंगठ्याने फरशी चाचपली.

"हिल्ली," ती म्हणाली, "तू डुकरांसोबत राहिलीस म्हणून माझ्या घराचा गोठा करायचा नाही."

"अगं भवाने, तुझ्याच भल्यासाठी!"

"परका माणूस येणार आणि खाली चुरा? मी लाजेने मरेन." आणि गुडघ्यावर बसून हाताने चाचपून तिने एकूण एक कण उचलला. पातेलं माझ्या हातात दिलं. पातेलं कसं सापडलं? वासाने. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

मग आला तो. योरिट नाव. पाठीवर पिशवी, पायात पांढरे बूट, तिशीचाही नसेल. त्याने पुढच्या दाराची बेल वाजवली. पुढचं दार! आमच्याकडे पुढच्या दारातून नवरी येते आणि मढं जातं, बाकी जग मागून. ते दार बेरेंडला नेल्यापासून फुगून बसलेलं. "मागून या!" रुलोफीन ओरडली. गोठवून टाकील असला आवाज.

तो आला, बसला, आणि म्हणाला, "मी तुम्हाला रुलोफीन म्हटलं तर चालेल ना?"

"नाही," ती म्हणाली.

तो हसला. शिबिरात शिकवलं असणार, ग्राहकाने काही म्हटलं तरी हसायचं. "तर सांगा, काय काय जमतं तुम्हाला? आपण नेहमी जमतं त्यापासून सुरुवात करतो."

"सगळं जमतं."

मी कोपऱ्यात बसून दात आवळले. ती उठली. कॉफी केली. पाठ ताठ, एकही चूक नाही. डबा डावीकडे, कप जागेवर. त्याचा कप तिने क्लॉथवरच्या चौथ्या फुलीशी ठेवला, कपाच्या काठाशी आतून बोट धरलं, कॉफी बोटाला लागली तशी थांबली. भाजलं असणार. भट्टीत हात घालून आयुष्य काढलेली बाई, तिने पापणी हलवली नाही. मग बिस्किटांचा डबा उघडला, त्याला एक बिस्कीट दिलं आणि झाकण लावून टाकलं. दुसऱ्यावर त्याची नजर होती. मिळालं नाही.

"वा!" योरिट म्हणाला. "किती सुंदर घर! माझ्या घरापेक्षा स्वच्छ."

"त्यात काय कौतुक," ती म्हणाली, आणि त्याच्या बुटांकडे बघितलं, म्हणजे बुटांच्या शेजारी.

मग तो माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही शेजारी! इथे शेजारधर्म फार जिवंत आहे, नाही का? मला फार प्रेरणा मिळते त्यातून."

शेजारधर्म! हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि माझं टाळकं सटकलं. आमच्याकडे लगतच्या शेजाऱ्याचं काम ठरलेलं असतं, खरंय. लग्न असलं की दाराला हिरवी कमान बांधायची. माणूस गेलं की त्याला अंघोळ घालायची, पेटीला खांदा द्यायचा. बेरेंडचं सगळं मीच केलं. पण दुसऱ्याचा संडास घासणं शेजारधर्मात कधीच नव्हतं. घासायला गेलं असतं तर त्या घरच्या बाईने झाडू घेऊन हाकललं असतं.

"अहो, पण हिला..." मी सुरुवात केली.

"हिल्लीला पाठीचा त्रास आहे," रुलोफीन मध्येच म्हणाली. टेबलाखालून तिने माझ्या पायावर टाच दिली, अगदी नेमकी.

मी गप्प बसले. तिची लाज तिची होती, माझ्या तोंडून विकायची नव्हती. पण त्या पोराला दिसायला नको होतं? डोळे होते ना त्याला, चांगले दोन? कपात बुडालेलं बोट त्याला दिसलं नाही. त्याला लख्ख खिडक्या दिसल्या.

निर्णय आला. रुलोफीनला मदतीचे तास मिळणार नाहीत, "निकाल" मिळेल. म्हणजे काय, असं मी फोन करून विचारलं. तिकडची बाई म्हणाली, आता आम्ही तास देत नाही, स्वच्छ घर हा निकाल देतो. तो किती वेळात मिळवायचा ते कंपनी ठरवते. मी म्हटलं, उद्या मी डुक्कर न देता तुम्हाला सॉसेजचा निकाल दिला तर चालेल का? तिने फोन ठेवला.

मिनेकेची संस्था त्याच हिवाळ्यात बंद झाली. नव्या कंपनीने तिला तेच काम कमी पगारावर देऊ केलं, आणि रोज वेगळ्या गावात. तिने मेपेलच्या गोदामात पार्सलं लावायची नोकरी धरली. जाताना माझ्या दाराशी आली, डोळे लाल. "तिथे खोक्यांना तरी ठरलेली जागा असते," म्हणाली. आणि मग, "काकू, त्यांच्या वस्तू हलू देऊ नका हो."

हलू देऊ नका! दर खेपेला नवीन मुलगी. कुणी धावत यायची, कुणी फोनवर बोलत पुसायची, कुणी चांगलीही असायची, पण प्रत्येकीची ठेवायची जागा वेगळी. कॉफीच्या डब्याच्या जागी तांदूळ. खुर्ची बाहेर ओढलेली. एकीने पाय ठेवायची चौकी घरातल्या बोळात सोडली आणि रुलोफीन तिच्यावरून पडली. नडगी काळीनिळी. मी विचारलं तर म्हणे, "तळघराचं दार लागलं." सांगायचं कुणाला, तर भिंतीला! ती दिवसेंदिवस कमी चालू लागली. त्या घरात घारीसारखी फिरणारी बाई हात पुढे करून, भिंतीला धरून जायला लागली. स्वतःच्या घरात पाहुणी झाली ती. मला इतका संताप यायचा, आणि कुणावर काढावा ते कळायचं नाही, म्हणून मी तिच्यावरच काढायची. "सांग ना मेले, सांग त्यांना!" "वाईट नाही," ती म्हणायची.

तिचा मुलगा सीब्रांड दर रविवारी फोन करायचा. त्यालाही तेच, वाईट नाही. तो समाधानी. लांबून सगळेच समाधानी असतात.

मग वसंतात योरिट पुन्हा येणार असं कळलं. कशाला? तर ग्राहक समाधानी आहे का हे बघायला. त्या दिवशी सकाळी आलेली मुलगी यास्मिन, कोवळी, मनाने चांगली. पाहुणा येणार म्हणून तिने आपणहून टेबल मांडलं. तोच निळ्या फुल्यांचा क्लॉथ, त्यावर कप, बशा, दुधाचं भांडं. साखरेचं भांडं तिने ठेवलं बरोब्बर चौथ्या फुलीशी. आणि निघून गेली. तिला काय माहीत?

मी आले तेव्हा योरिट बसलेला, रुलोफीन किटली घेऊन उभी. मी ओरडणार तेवढ्यात तिचं बोट काठ शोधायला गेलं आणि त्याला काठ सापडला. साखरेच्या भांड्याचा. तिने ओतायला सुरुवात केली. बोट या वेळी काठाच्या बाहेरच राहिलं, त्याला कॉफी कशी लागणार? भांडं भरलं, पलीकडून वाहिलं, पांढऱ्या कापडावर काळा ओघळ पसरत गेला. तिने ठरल्या अंदाजाने हात थांबवला, किटली ठेवली, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "घ्या."

आता या शहाण्याने काय केलं ऐका. त्याने रिकामा कप उचलला, ओठाला लावला आणि म्हणाला, "थँक्यू. मस्त झालीये."

टेबलाच्या कडेवरून थेंब फरशीवर पडायला लागले. टप. टप. तिचे कान शाबूत होते.

"कप रिकामा आहे ना?" ती म्हणाली.

त्याने कप खाली ठेवला.

"विचारतेय मी. रिकामा आहे ना?"

"हो."

"मग मस्त काय झालंय रे?"

इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा असा पाहिला नव्हता. भाजल्यावर हलली नव्हती ती पापणी आता थरथरत होती. तिने ओल्या कापडावरून हात फिरवला, कुठपर्यंत पसरलंय ते बघितलं, आणि मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला दिसत नाही. लिही. पुष्कळ दिवस झाले."

"एलेफेल्टबाई," तो म्हणाला. रुलोफीन वगैरे सगळं पळालं होतं. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, काय जमतं. जमत होतं तेव्हा. मिनेके होती तोवर सगळं जमत होतं. तुम्ही मिनेके काढलीत आणि मग मी आंधळी झाले."

मला वाटलं, आता तरी पोराच्या डोक्यात शिरेल. शिरलंही असेल, पण डोक्यात नियम इतके ठासून भरलेले की जागा नव्हती. तो म्हणाला, मग हे आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या कायद्याखाली जातं. त्या कायद्याने तुम्हाला छान जागा मिळेल, एमेनला नवीन इमारत झालीये, मोठ्या मोठ्या खिडक्या...

रुलोफीनने टेबलाची कड धरली. मी उठले आणि योरिटला म्हटलं, "खिडक्यांचं नाव पुन्हा काढलंस तर हे साखरेचं भांडं तुझ्या डोक्यावर ओतीन."

"हिल्ली, खाली बस," ती म्हणाली. आणि मग तिच्यातली बेकरीवाली जागी झाली, मला स्पष्ट ऐकू आली. "हे बघ मुला. मला मेहेरबानी नको, खिडकी नको, जास्त वेळही नको. मला एक मुलगी हवी. दर वेळी तीच. बस."

"माणूस ठरवून देता येत नाही," तो पुटपुटला. "निकाल देता येतो." पण खाली बघून पुटपुटला, एवढं श्रेय त्याला देते. मग जरा थांबून म्हणाला, शेजारधर्मावर नगरपालिकेचं एक मोठं पोस्टर निघणार आहे, त्यासाठी दोन शेजारणींचा फोटो हवाय. फोटोतल्या घरी मुलगी सारखी बदलली तर साहेबांनाच बरं दिसणार नाही, तेव्हा...

"फोटोच्या बदल्यात एक मुलगी," रुलोफीन म्हणाली. "दर वेळी तीच. ठरलं."

अशी माझ्या शेजारणीने आपली लाज विकली. पावासारखी, रोखीत.

फोटोवाला आला तेव्हा आम्ही टेबलाशी बसलो. क्लॉथ तिने स्वतः कपाटातून काढला, स्वतः अंथरला, फुल्या बोटाने मोजून सरळ केला. डाग गेला नव्हता. कुणीतरी मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला होता आणि तो पक्का बसला होता, ऐन मध्यावर, पंजाएवढा. मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आईच्या हातचा आहे. फोटोत आला पाहिजे." मी तोंड मिटलं.

ठरल्याप्रमाणे यास्मिन यायला लागली, दर वेळी तीच. पोरगी हुशार, चार खेपांत जागा शिकली. रुलोफीन पुन्हा भिंत सोडून चालायला लागली, पुन्हा मला चुऱ्यावरून बोलायला लागली. आणि थंडी पडायच्या आत यास्मिनच्या कंपनीचं दिवाळं वाजलं. नवी कंपनी, नव्या मुली, तोच निकाल. योरिटला फोन लावला तर तो बढती मिळून दुसऱ्या खात्यात गेलेला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

तेव्हापासून मी जाते. मुलगी येऊन गेली की मागच्या दाराने शिरते, बूट काढते आणि सगळं पुन्हा जागेवर लावते. डबा भिंतीला, खुर्च्या आत, कपाचा कान उजवीकडे. नासलेलं फेकते, पाय बघते. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला हो म्हटलं नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि आयजी मी. काय करू? वस्तू हलली तर ती पडेल. आणि हे त्या लेकाच्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांची अख्खी सुधारणा आमच्यासारख्यांच्या लाजेवर उभी आहे. आम्ही पडू देणार नाही, म्हणून तर ते सोडून देतात. आणि रुलोफीन आभार मानेल म्हणता? कपाला बोट लावते आणि म्हणते, "थोडा डावीकडे. मिनेके नीट ठेवायची."

गेल्या आठवड्यात माझं ओळखपत्र आणायला नगरपालिकेत जायचं होतं. ती म्हणाली, मीही येते. माझा दंड धरला. "पडेन म्हणून नाही," म्हणाली, "तुझे बूट घसरतात म्हणून."

आत शिरलो आणि समोर आम्ही दोघी. भिंतभर. खाली मोठ्या अक्षरांत: इथे शेजारी एकमेकांना सांभाळतात. लोक थांबून बघत होते, एक बाई आम्हाला ओळखून गोड हसली. तिला काय बोलू असं झालं होतं मला. आणि त्या भिंतीवर, आमच्या दोघींच्या मधोमध, तो डाग. आता तो पंजाएवढा नव्हता, आता तो माणसाएवढा होता.

"पोस्टर आहे ना इथे?" रुलोफीन म्हणाली. "लोक थांबलेत."

"आहे."

"कशी दिसतेय मी?"

"लिंबू चोखल्यासारखी."

"ते ठीकच आहे." तिची बोटं माझ्या दंडावर घट्ट झाली. मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं तिने विचारलं, "आणि टेबल? टेबल स्वच्छ आहे ना, हिल्ली?"

मी त्या डागाकडे बघितलं.

"लख्ख आहे," मी म्हणाले.

"मग झालं," ती म्हणाली आणि कोटाची कॉलर सरळ केली.